रामराम ठोकण्याआधी : रॉबर्ट ग्रेव्हजच्या आठवणींसाठी टीपा-पुस्तिका, प्रकल्प नोंदी

५ जून २०२५

कामाची हद्द ठरली. रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीचं १९२९चं आत्मकथन ‘गुडबाय टू ऑल दॅट’ मूळ इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या हाताशी राहील अशी पुस्तिका करायची. बालपण, शाळा, पहिलं महायुद्ध, मोडलेला संसार आणि शेवटी इंग्लंड सोडणं, एवढा त्या पुस्तकाचा पल्ला. लिहिलं तेव्हा लेखक तेहेतीस-चौतीस वर्षांचा होता.

अनुवाद करायचा नाही. ग्रेव्हज ७ डिसेंबर १९८५ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे ३१ डिसेंबर २०४५पर्यंत हक्क शाबूत आहेत. अमेरिकेत १९२९चा मजकूर १ जानेवारी २०२५ला मोकळा झाला, त्यावरून ‘पुस्तक आता फुकट’ असा समज पसरतो. ती मोकळीक तिथल्यापुरती. म्हणून मूळ वाक्यं उतरवायची नाहीत, प्रसंग सांगायचा तर आपल्या शब्दांत आणि दोन ओळींत.

भाग चार : कालपट, तीन नकाशे, शब्दसूची, माणसांची ओळख. आकार ए-५, पानं ४८, म्हणजे सोळा पानी तीन फर्मे, मधे पिना. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवली नाही तर शेवटी कोरी पानं उरतात आणि मग ती भरायला कुणीतरी कविता सुचवतं.

९ जून

आवृत्ती कोणती धरायची? प्रश्न वरवरचा नाही, कारण पुस्तकं दोन आहेत.

१९२९ची आवृत्ती नोव्हेंबरात लंडनला जोनाथन केपने काढली. पहिल्या छपाईत कवी आणि युद्धातला सोबती सिगफ्रिड ससूनने १९१८मध्ये ग्रेव्हजला पाठवलेलं एक पद्यपत्र परवानगीविना छापलं होतं, शिवाय एका मित्राच्या आईविषयीचा मजकूर होता. ससूनने हरकत घेतल्यावर दोन्ही काढावे लागले, आणि पुढच्या प्रतींत तिथे फुल्या आल्या. १९५७ची आवृत्ती ग्रेव्हजने स्वतः ओळीओळीतून फिरून दुरुस्त केली. वाक्यं घट्ट केली, काही प्रसंग गाळले, नवं प्रास्ताविक लिहिलं, आणि १९२९च्या शेवटी अमेरिकन कवयित्री लॉरा रायडिंगला उद्देशून असलेला समारोप उडवला. ज्या बाईमुळे घर सुटलं तिचं नावच १९५७च्या पुस्तकात उरलं नाही. आज दुकानात मिळते ती बहुतेक हीच आवृत्ती. १९२९चा मजकूर ग्रेव्हजचे पुतणे रिचर्ड पर्सिव्हल ग्रेव्हज यांनी १९९५मध्ये टिपांसह पुन्हा काढला.

निर्णय : वाचकाच्या हातात १९५७ आहे असं धरायचं, पण प्रत्येक टीपेला तीनपैकी एक खूण लावायची. ‘न’ म्हणजे त्या काळची नोंद (युद्धदैनंदिनी, वर्तमानपत्र, पत्र). ‘ल’ म्हणजे १९२९चं लेखन. ‘फ’ म्हणजे १९५७चं फेरलेखन. तिन्ही काळ एकमेकांत मिसळले की टीपा खोट्या पडतात. आधीच्या कच्च्या कालपटात असे घोळ पाच ठिकाणी सापडले. त्यांतला सगळ्यात मोठा : १९५७च्या प्रास्ताविकातला शांत, मिस्कील सूर १९२९च्या माणसाला चिकटवलेला. १९२९चा ग्रेव्हज शांत नव्हता. घाईत होता, कर्जात होता आणि संतापलेला होता.

पानांचे आकडे द्यायचे नाहीत. प्रत्येक छपाईत ते बदलतात. प्रसंगाचं नाव आणि ठिकाण पुरे.

१६ जून

शीर्षकाचं मराठी. अनुवाद नसला तरी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काहीतरी लागणारच.

‘निरोप’ हा शब्द पहिल्यांदा बाद झाला. निरोपाला डोळ्यांत पाणी असतं, इथे नाही. ‘अलविदा’ सिनेमातला. ‘त्या सगळ्याला रामराम’ यावर बराच वेळ घालवला आणि तेच राहिलं. मराठीत नोकरीला, राजकारणाला, दारूला रामराम ठोकतात. ‘ठोकणे’ या क्रियापदात जी झटकून टाकण्याची वृत्ती आहे ती ग्रेव्हजच्या शीर्षकात नेमकी आहे. दुसरं असं की ‘गुडबाय’ हे मुळात ‘गॉड बी विथ यी’चं झिजलेलं रूप. देवाचं नाव झिजून नुसता निघताना उच्चारायचा शब्द उरला. रामरामचंही तेच झालं.

हरकत एकच आली : ‘राम म्हणणे’ याचा अर्थ मरणे, त्याच्याशी गल्लत होईल. पण या माणसाचा मृत्यू अधिकृतपणे कळवून झाला होता (पाहा ४ ऑगस्ट), तेव्हा गल्लत झाली तरी फार बिघडत नाही.

२१ जून

लष्करी हुद्दे आणि तुकड्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण ‘पलटण’ हा शब्द दगा देतो. ऐकायला तो ‘प्लाटून’चा भाऊ आहे. पण मराठीत आणि हिंदी लष्करी वापरात पलटण म्हणजे बटालियन. प्लाटूनला पलटण म्हटलं की पन्नास माणसांच्या जागी हजार उभी राहतात.

१९१४च्या कागदी रचनेप्रमाणे ब्रिटिश पायदळाची बटालियन १,००७ जणांची : ३० अधिकारी, ९७७ इतर. तिच्यात चार कंपन्या, प्रत्येकी सव्वादोनशेच्या आसपास. कंपनीत चार प्लाटून, प्लाटूनमध्ये चार सेक्शन. रेजिमेंट हा लढणारा घटक नाही, ते घराणं आहे. एकाच रेजिमेंटच्या दोन बटालियन वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये लढतात आणि एकमेकींना नावं ठेवतात. हे समजलं नाही तर ग्रेव्हज पहिल्या बटालियनविषयी जिव्हाळ्याने आणि दुसरीविषयी कडवटपणे का लिहितो, ते कळणार नाही.

ठरलं ते असं. बटालियन = बटालियन (कंसात एकदाच ‘पलटण’). प्लाटून = प्लाटून. सार्जंटला हवालदार करायचं नाही. हवालदार म्हटला की डोळ्यांसमोर वेगळीच सेना येते. ‘सबॉल्टर्न’ हा हुद्दा नाही, कॅप्टनखालच्या अधिकाऱ्याला उद्देशून असलेला सर्वसाधारण शब्द आहे. त्याचा ‘वंचित’ या अर्थाने झालेला अलीकडचा विद्यापीठीय वापर इथे आणू नये. ‘अ‍ॅडज्युटंट’ म्हणजे बटालियनचं दफ्तर सांभाळणारा अधिकारी. त्याचा हात आखडला तर रजा मिळत नाही.

एक गोष्ट देवनागरीत दिसतच नाही. ग्रेव्हज १९१५च्या मे महिन्यात फ्रान्सला गेला तो स्वतःच्या रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये नव्हे. सुरुवातीला त्याला वेल्श रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनला जोडून दिलं होतं. फ्युझिलियर्स आपला ‘वेल्श’ शेवटी ‘सीएच’ लावून, जुन्या पद्धतीने लिहीत. सरकारी मान्यता त्याला १९२०मध्ये मिळाली. त्या एका अक्षराचा त्यांना केवढा अभिमान! मराठीत दोन्ही ‘वेल्श’. म्हणून पुस्तिकेत एकाला कायम ‘फ्युझिलियर्स’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘वेल्श रेजिमेंट’. नुसतं ‘वेल्श’ कुठेही नको.

२ जुलै

शब्दसूचीचा सगळ्यात रसाळ भाग. ब्रिटिश शिपाई जे बोलायचे त्यातलं बरंचसं आपल्याच घरून गेलेलं आहे.

‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, इंग्लंड. मूळ ‘विलायती’. मराठीत आजोबा-पणजोबा ‘विलायतेला’ जात ती हीच विलायत. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायाने इथल्या लोकांच्या तोंडून आपल्या देशाचं नाव उचललं, फ्रान्सच्या चिखलात नेलं आणि तिथे त्याला घराचा वास आला. ‘ब्लायटी वन’ म्हणजे जीव जाणार नाही, पण इंग्लंडला परत धाडावंच लागेल अशी जखम. मराठीत ‘विलायती जखम’ म्हटलं तर शब्द शंभर वर्षांनी घरी येतो. अडचण एवढीच की आजच्या कानाला ‘विलायती’ म्हटलं की आधी बाटली आठवते, मग चिंच. म्हणून सूचीत : ब्लायटी (विलायत, घर). ‘विलायती जखम’ हा प्रयोग टीपेत एकदा समजावून मग मोकळेपणाने वापरायचा.

‘कुशी’ म्हणजे आरामाचं, सुखाचं. कोशकार त्याचं मूळ ‘खुशी’त दाखवतात. कुशी जागा, कुशी काम, कुशी जखमसुद्धा. ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी, इथे अनुवादाचा प्रश्नच मिटला. ‘पुटी’ म्हणजे पायाला गुंडाळायची पट्टी. ‘बुंडुक’ बंदूक. ‘डिक्सी’ म्हणजे डेगची, कंपनीचा चहा आणि कालवण ज्यात शिजायचं ते मोठं लोखंडी भांडं. ‘बकशी’ म्हणजे बक्षिसी, फुकटात मिळालेलं. ‘पुक्का’ पक्का. ‘मुफ्ती’ साधा वेश, आपल्याकडे पोलिसांतही चालणारा शब्द.

हे शब्द कुठून आले ते पुस्तकातच दिसतं. फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन महायुद्धाआधी वर्षानुवर्षं इंग्लंडबाहेर होती. उत्तर फ्रान्समधल्या लावाँती गावी ग्रेव्हज तिच्यात पोचला तेव्हा अर्ध्या चड्ड्या घातलेले लोक, दुपारी कनिष्ठ अधिकाऱ्यांना घोडेस्वारीची शाळा, आणि फ्रेंच गावकऱ्यांशी लष्करी हिंदुस्थानीत अरेरावी. बटालियन अजून हिंदुस्थानातच आहे, असं तिचं वागणं. मराठी वाचकाला हा परिच्छेद इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल. गोऱ्या फ्रेंच शेतकऱ्याला ‘नेटिव्ह’सारखं वागवणारा शिपाई ही चीज कुठे घडली, ते आपल्याला सांगावं लागत नाही.

ताडून बघायला दुसरा आधार : त्याच दुसऱ्या बटालियनचा साधा शिपाई फ्रँक रिचर्ड्स. त्याने १९३३मध्ये युद्धाच्या आणि १९३६मध्ये हिंदुस्थान-ब्रह्मदेशातल्या नोकरीच्या आठवणी छापल्या, पहिल्याला ग्रेव्हजची मदत होती. शिपायाच्या तोंडचा शब्द अधिकाऱ्याच्या पुस्तकात असेल तर तो रिचर्ड्समध्येही आहे का, हे बघितल्याशिवाय सूचीत घ्यायचा नाही. या चाळणीत ११ शब्द गळले.

९ जुलै

‘ट्रेंच’ला खंदक म्हणायचं की चर?

वर्तमानपत्री मराठीत खंदक. पण खंदक म्हटला की किल्ल्याभोवतीचा, पाण्याने भरलेला, शत्रूला अडवणारा. ट्रेंच आपल्या माणसांना लपवण्यासाठी असते. डोंगरउतारावर पाणी अडवायला खणतात तो ‘चर’ आकाराने जास्त जवळचा : अरुंद, लांब, खणलेली माती एका काठावर रचलेली. तरी ‘खंदकयुद्ध’ रुळलेलं आहे, ते मोडून उपयोग नाही. म्हणून आघाडीची रांग = खंदक, मागून पुढे जाणारी वाट = जोडचर, शत्रूच्या बाजूला पुढे काढलेलं बोट = पुढचर.

अवयवांची नावं : पुढची मातीची भिंत = पुढचा बांध, मागची = पाठचा बांध. मागचा बांध का लागतो? मागे पडलेल्या गोळ्याचे तुकडे पाठीत बसू नयेत म्हणून. उभं राहून गोळी झाडायची ती पायरी = माऱ्याची पायरी. दर काही हातांवर खंदकाला काटकोनात वळण देणारा मातीचा ठोकळा = आडभिंत. ती नसेल तर एका टोकाला घुसलेला शत्रू सरळ रेषेत सगळ्यांना टिपतो, आणि खंदकात पडलेला एक गोळा पूर्ण प्लाटून खातो. आकृतीत खंदक सरळ काढला होता, तो दातेरी करायला सांगितलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : लावाँती आणि न्यव शापेलच्या सखल भागात ‘खंदक’ खणलेलाच नव्हता. हात-दोन हात खाली पाणी लागतं, म्हणून वाळूच्या पोत्यांचा आणि मातीचा बांध जमिनीवर रचून त्याच्या आडोशाला राहायचं. त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, मराठीत ‘रचलेला बांध’. क्वँशीला उलट. तिथे विटांचं आवार, भाजलेल्या विटांचे प्रचंड ढीग दोन्ही बाजूंनी वाटून घेतलेले, आणि जमिनीखालून सुरुंग. एकाच माणसाच्या सहा महिन्यांत जमीन तीनदा बदलते. त्यामुळे आकृती एक नव्हे, दोन लागतील.

१८ जुलै

नकाशे. ब्रिटिश लष्कराच्या खंदक-नकाशांच्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ठेवलेल्या प्रती पाहिल्या. वाचायची रीत एकदा लिहून ठेवणं बरं, कारण दर वेळी कुणीतरी उलटं वाचतं.

१:४०,००० चा मोठा नकाशा, उदाहरणार्थ ३६सी, ए ते एक्स अशा २४ मोठ्या चौकटींत विभागलेला. प्रत्येक मोठ्या चौकटीत १,००० यार्डांचे क्रमांकित चौरस : ३६, काही रांगांत ३०. प्रत्येक चौरसाचे चार भाग : ए वायव्य, बी ईशान्य, सी नैर्ऋत्य, डी आग्नेय. प्रत्येक भाग ५०० यार्डांचा. त्याचे पुन्हा दहा-दहा हिस्से, मोजणी नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, आधी पूर्वेला, मग उत्तरेला. म्हणजे नमुन्यादाखल ३६सी.ए.२१.डी.४.६ = एकविसाव्या चौरसाच्या आग्नेय भागात, कोपऱ्यापासून २०० यार्ड पूर्वेला आणि ३०० यार्ड उत्तरेला. हा ठिपका जमिनीवर ५० यार्डांचा, म्हणजे जवळजवळ ४६ मीटर. त्याहून नेमकं ठिकाण हवं तर दोन-दोन आकडी संदर्भ लागतो, तो ५ यार्डांपर्यंत जातो.

तीन चुका झाल्या, तिन्ही दुरुस्त. पहिली : चौकटी यार्डांत, पण उंचीच्या रेषा मीटरमध्ये, कारण मूळ सर्वेक्षण फ्रेंच. दोन्ही एकाच एककात समजून टेकडी चपटी झाली होती. दुसरी : ए-५ पानावर नकाशा लहान केल्यावर ‘१:१०,०००’ हे शब्द तसेच राहिले होते. लहान केलेल्या नकाशावरचं प्रमाण खोटं असतं. शब्द काढून पट्टी दिली, यार्ड वर, मीटर खाली. तिसरी रंगांची : १९१८च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश नकाशांत शत्रूचे खंदक लाल, आपले निळे. नंतर फ्रेंचांशी जुळवायला हे उलटं केलं. आपल्याला लागणारे सगळे नकाशे १९१५-१६चे, म्हणून लाल म्हणजे जर्मन. आणि निळ्या रेषा कमी दिसल्या तर त्या विसरलेल्या नाहीत. आपले खंदक गुप्ततेसाठी मुद्दाम गाळलेले असत.

गावांची नावं : नकाशावर शक्य तितका फ्रेंच उच्चार (बेत्यून, लावाँती, क्वँशी), टीपेत शिपायाचा. ईप्रला शिपाई ‘वायपर्स’ म्हणत, हे दिलं नाही तर संवाद कळत नाहीत. लूस मात्र इंग्रजी पद्धतीने, मराठीत तसंच रुळलं आहे.

नकाशा क्रमांक दोनवर एक जादा खूण केली. लावाँतीपासून सुमारे पाच किलोमीटरवर न्यव शापेल. तिथे १० ते १३ मार्च १९१५ला मेरठ आणि लाहोर डिव्हिजन लढल्या, आणि तिथेच हिंदी सैनिकांचं १९२७मध्ये उघडलेलं स्मारक आहे. २५ सप्टेंबरला, ग्रेव्हज लूसच्या लढाईत होता त्याच सकाळी, मेरठ डिव्हिजनने थोडं उत्तरेला पिएत्रच्या दिशेने हल्ला केला. वर्षअखेरीस हिंदी पायदळ मेसोपोटेमियाला हललं. कूतच्या वेढ्यातल्या मराठा पलटणींवर एक चौकट घालायची सूचना आली होती. घातली नाही. विषय मोठा आणि आपला आहे, पण ग्रेव्हज तिथे कधीच नव्हता.

२५ जुलै

लूसचं पान. २५ सप्टेंबर १९१५. घटनाक्रम : ५.५० वाजता क्लोरीन सोडायला सुरुवात, मधे धूर, ६.३०ला पायदळ बाहेर. एकूण सुमारे १४० टन वायू, ५,०००हून जास्त नळकांडी. गुप्ततेसाठी ‘गॅस’ म्हणायला बंदी, ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणायचं. मराठीत ‘जोडसामान’. हा सरकारी कोरडेपणा तसाच यायला हवा, ‘विषारी वायू’ म्हटलं की विनोद मरतो.

का फसलं ते दोन ओळींत : उत्तरेकडच्या टोकाला वारा जवळजवळ पडलेला होता, वायू मधल्या जमिनीवर रेंगाळला आणि आपल्याच खंदकांत परतला. नळकांड्यांच्या झडपांना पाने (स्पॅनर) बसेनात, हे ग्रेव्हज सांगतो (खूण ‘ल’). उशिरा उघडलेल्या नळकांड्यांवर जर्मन तोफा चालल्या की वायू तिथेच फुटायचा.

चित्रात मोठी चूक. सगळ्यांच्या डोक्यावर पोलादी टोप. सप्टेंबर १९१५मध्ये तो टोप नुकता चाचणीला आला होता, सरसकट वाटप १९१६चं. लूसला डोक्यावर कापडी टोपी. आणि ‘गॅस हेल्मेट’ म्हणजे हेल्मेट नव्हे : रसायनात भिजवलेली फ्लॅनेलची पिशवी, डोळ्यांना काचा, तोंडाला नळी, टोक सदऱ्याच्या कॉलरमध्ये खोचायचं. हल्ल्याआधी ती कपाळापर्यंत गुंडाळून ठेवत. घामाने रसायन डोळ्यांत उतरतं. शब्दसूचीत ‘गॅसपिशवी’. चित्र पुन्हा काढायला दिलं. मानेमागे कॉलरला पाच काळ्या फिती हव्यात. ती फ्युझिलियर्सची खूण, जुन्या काळच्या तेल लावलेल्या शेंडीची आठवण. पहिल्या चित्रात चार होत्या.

४ ऑगस्ट

मरणाचं पान. इथे ‘न’ आणि ‘ल’ खुणा जपून.

२० जुलै १९१६, सोमच्या लढाईत हाय वुड या रानाजवळ, बाझाँतँच्या दफनभूमीपाशी राखीव थांबलेली दुसरी बटालियन तोफांच्या माऱ्यात सापडली. ग्रेव्हज कॅप्टन होता. गोळ्याचा तुकडा पाठीतून फुप्फुसातून गेला. जगणार नाही असं धरून बाजूला ठेवला गेला. कर्नलने आईवडिलांना मृत्यूचं पत्र लिहिलं, वर्तमानपत्रात नाव आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला दुरुस्ती छापली गेली : आधी मृत कळवलेला अधिकारी आता जखमी. २४ जुलैला तो २१ वर्षांचा झाला. जखम आणि वाढदिवस यांत चार दिवस आहेत. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकच करून टाकतात, आपण करू नये.

कालपटात नोंदी अशा जोडायच्या : अधिकाऱ्याच्या घरी तार येते, साध्या शिपायाच्या घरी छापील फॉर्म, त्यात मोकळ्या जागी नाव भरलेलं. हा फरक टीपेत हवा, कारण कर्नलचं हाताने लिहिलेलं पत्र हा हुद्द्याचा मान आहे.

युद्धदैनंदिनीविषयी इशारा. फॉर्म सी २११८, बटालियनच्या दफ्तरात रोज किंवा आठवणीने भरलेला, आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत. त्यात कनिष्ठ अधिकाऱ्यांची नावं क्वचित, शिपाई फक्त आकड्यांत. तेव्हा दैनंदिनीत प्रसंग नाही म्हणून ग्रेव्हज खोटं बोलला, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट दिवस चुकला असेल तर तिथे तो नक्की सापडतो. एडमंड ब्लंडन आणि ससून या दोघा कवींनी मिळून पुस्तकाच्या एका प्रतीच्या समासात चिडून दुरुस्त्या लिहिल्या. ती प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यांचा राग तपशिलाच्या चुकीइतकाच सुरावरही होता. टीपाकाराने तपशील तपासावा, सुराला हात लावू नये.

११ ऑगस्ट

अक्षरजुळणी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला : ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्या’, ‘खणाऱ्या’ सगळीकडे. शोधून बदलताना ‘सूर्या’ही बदलला जातो, म्हणून एकेक बघावा लागला. ‘अ‍ॅ’ दोन तऱ्हांनी साठवला जातो, शोध एकालाच सापडतो. एकच तऱ्हा ठेवली. बाकी काही नाही.

१९ ऑगस्ट

माणसांची ओळख. प्रत्येकी ६० शब्दांत, आणि फक्त पुस्तक वाचताना लागेल तेवढं.

आई अमालिया फॉन रांके, इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांकेंच्या घराण्यातली. वडील आल्फ्रेड पर्सिव्हल ग्रेव्हज, आयरिश कवी आणि शाळातपासनीस. मुलाच्या नावात मधे ‘फॉन रांके’ असल्याने चार्टरहाउस शाळेत तो ‘जर्मन’ ठरला. तिथून सुटका दोघांनी केली : मुष्टियुद्धाने आणि जॉर्ज मॅलरी नावाच्या शिक्षकाने. मॅलरी म्हणजे १९२४मध्ये एव्हरेस्टवर गेलेला तोच. ग्रेव्हजला वेल्समधल्या कड्यांवर त्यानेच चढवलं, आणि जानेवारी १९१८मध्ये नॅन्सी निकल्सनशी लग्न झालं तेव्हा तो नवरदेवाचा पाठराखा होता.

ससूनची नोंद ६० शब्दांत बसेना, १२० केली. जुलै १९१७मध्ये त्याने युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन दिलं. कोर्टमार्शल होऊ नये म्हणून ग्रेव्हजने त्याला वैद्यकीय मंडळासमोर उभं केलं आणि एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात धाडायची व्यवस्था झाली. सोबत पोचवायला ग्रेव्हजच निघाला, पण गाडी चुकली. रुग्ण आधी पोचला, सोबती मागून.

तिथले डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. मराठी वाचकासाठी एक जादा ओळ : हेच रिव्हर्स आधी नीलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून आले होते, आणि तोडांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६चा.

‘शेलशॉक’ (युद्धाने मनावर झालेला आघात) तसाच ठेवायचा. ‘वेड’, ‘भ्रमिष्टपणा’ नको. युद्धानंतर ग्रेव्हजला टेलिफोन वापरता येत नसे आणि आगगाडीत मळमळे. लक्षण सांगितलं की नाव सांगायची गरज उरत नाही.

युद्धकवितांबद्दल एकच ओळ, पण मोठ्या टाइपात : ‘ओव्हर द ब्रेझियर’ (१९१६) आणि ‘फेअरीज अँड फ्युझिलियर्स’ (१९१७) हे संग्रह त्याने काढले, आणि पुढे स्वतःच्या निवडक कवितांतून युद्धकविता गाळल्या. गद्यात ठेवलं, पद्यात पुसलं. ११ नोव्हेंबर १९८५ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये १६ युद्धकवींची नावं कोरलेली शिळा बसली, तेव्हा त्या यादीतला जिवंत माणूस हा एकटाच.

२८ ऑगस्ट

घर सोडण्याचा भाग. पुस्तक इथे घाईने संपतं, म्हणून कालपट इथे सावकाश.

१९१९नंतर ऑक्सफर्ड. जवळच्या बोअर्स हिलवर किराणा दुकान काढलं, बुडालं. चार मुलं. १९२६मध्ये कैरोला प्राध्यापकी, त्याच वर्षी परत. लॉरा रायडिंग या अमेरिकन कवयित्रीचं येणं. २७ एप्रिल १९२९ला लंडनच्या घरातून तिने खिडकीतून उडी मारली, वाचली. त्यानंतरच्या महिन्यांत पुस्तक लिहून झालं, आणि वर्ष संपायच्या आत दोघं मायोर्का बेटावर देया गावी. १९३२मध्ये तिथे घर बांधलं, ‘का नालुनी’, लांबचं घर. १९३६मध्ये स्पेनच्या यादवीत ते सोडावं लागलं, १९४६मध्ये परत. कबर तिथल्याच चर्चच्या आवारात. घर आज संग्रहालय आहे.

या पानावर ‘देशत्याग’, ‘वनवास’ असे शब्द आले होते. काढले. त्याला कुणी हाकललं नव्हतं. ‘बिऱ्हाड हलवलं’ हे बरोबर बसतं.

६ सप्टेंबर

अंतिम प्रूफ. पान १९वर नकाशातला लाल फिका येतो आहे, छापखान्याला गडद करायला सांगितलं. निळा आहे तसाच ठेवा. पान ३१ : ‘१९५७’ खूण ‘ल’ दाखवते, ‘फ’ हवी. पान ४४ : ‘विलायती जखम’ टीपेच्या आधीच वापरली गेली आहे, टीप पान १२वर हलवली. कॉलरच्या फिती मोजल्या, पाच आहेत. पहिला फर्मा छपाईला सोडला.